गिऱ्हाइकाचा शब्द

मराठवाड्यातील एका बाजारपेठेत तीन पिढ्यांची धान्याची पेढी आहे. गादीवर वडील बसतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर मुलगा अलीकडे संकेतस्थळ सांभाळतो. संकेतस्थळ देखणे झाले, छायाचित्रेही उत्तम आली. परंतु चातुर्मासातील एकादशा एकामागून एक उलटल्या, तरी भगरीची एकही मागणी त्या वाटेने आली नाही. दुकानात मात्र भगरीची पोती भराभर रिकामी होत होती.

कारण मालात नव्हते, शब्दात होते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्रीअन्न’ असे गौरवाने संबोधले गेले. मुलाने उत्साहाने पानाचे शीर्षक दिले : ‘प्रीमियम श्रीअन्न उत्पादने’. शब्द भारदस्त होता. पण उपवासाच्या आदल्या रात्री मोबाइल हाती घेणारी गृहिणी तो शब्द लिहीत नाही. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात ती ‘भगर’ लिहिते. पुण्या-मुंबईकडे ‘वरीचे तांदूळ’. गुजराती घरात ‘मोरैयो’. हिंदी भाषक ‘समा के चावल’. त्यातही पुष्कळ जण हे शब्द रोमन लिपीत लिहितात. गादीवरच्या वडिलांना हे सारे शब्द कळत होते, म्हणून दुकानात अडत नव्हते. संकेतस्थळावर गादी नव्हती.

शोधयंत्राचे काम व्यापाऱ्याला परके वाटू नये. ते आधी पाने वाचत फिरते. तो झाला रोजमेळ. मग शब्दाशब्दाच्या खात्यावर त्या पानांची नोंद करते. ती झाली खतावणी. गिऱ्हाइकाने शब्द लिहिला की यंत्र त्या खात्याचे पान उघडते. रोजमेळात रक्कम आहे, पण योग्य खात्यावर खतावलीच नाही, तर ताळेबंदात ती कशी सापडावी? आजचे शोधयंत्र समानार्थी शब्द काही प्रमाणात ओळखते, हे खरे. तथापि प्रांतोप्रांतीच्या बोलींबाबत त्याच्या तर्कावर विसंबून राहणे, म्हणजे कच्च्या चिठ्ठीवर उधारी देण्यासारखेच होय.

गिऱ्हाइकाचे शब्द शोधण्याचे पहिले साधन घरातच असते. दूरध्वनीवरील मागण्यांची वही आणि व्हॉट्सॲपवरील संदेश यांत ते त्याच्याच भाषेत लिहिलेले असतात. दुसरे साधन गूगलची शोधपेटी : पहिली काही अक्षरे लिहिताच ती उरलेले शब्द सुचविते, आणि त्या सूचना लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवर आधारलेल्या असतात. तिसरे साधन ‘सर्च कन्सोल’ ही विनामूल्य सेवा. आपले पान कोणत्या शब्दांना किती वेळा दिसले आणि किती जणांनी ते उघडले, याचा गेल्या १६ महिन्यांपर्यंतचा हिशेब तीत मिळतो. पान पुष्कळदा दिसते पण क्वचितच उघडले जाते, अशा शब्दांकडे प्रथम पाहावे. तिथे पान यादीत फार खाली असते, किंवा त्याचे शीर्षक वाचून आपला माल इथे मिळेल असे गिऱ्हाइकाला वाटत नाही.

सापडलेला मुख्य शब्द पानाच्या शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात आणि छायाचित्राच्या वर्णनात यावा. इतर नावे वाक्यांतून सहज यावीत. गावाच्या नावालाही हेच लागू. छत्रपती संभाजीनगर किंवा अहिल्यानगर लिहिताना जुने नाव एकदा दिले, तर जुन्या सवयीचे गिऱ्हाईक चुकत नाही.

मात्र एकच शब्द पंचवीसदा कोंबू नये, किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवू नये. गूगल याला फसवणूक समजते आणि असे पान मागे ढकलते, प्रसंगी यादीतूनही काढते. पानाच्या पडद्याआड शब्दांची वेगळी यादी भरून देण्याची जुनी युक्तीही निरुपयोगी आहे. क्रम लावताना ती विचारात घेत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले.

याहून मोठी मर्यादा सचोटीची. लोक ‘सेंद्रिय’ शोधतात म्हणून प्रमाणपत्र नसलेल्या मालावर तो शब्द चिकटविता येत नाही. सेंद्रिय अन्नाविषयीचे २०१७ चे नियम त्याला आड येतात. ‘इंद्रायणी’ला मागणी आहे म्हणून दुसऱ्या तांदळाला ते नाव देणे, हे तर वजनात मारण्यासारखेच. शब्द गिऱ्हाइकाचा असावा, पण माल त्या शब्दाला जागणारा हवा.

त्या पेढीवर अखेर एका रविवारी वडील मागण्यांची वही घेऊन मुलाशेजारी बसले. वडील शब्द सांगत गेले, मुलगा टिपत गेला. पानाचे शीर्षक झाले : ‘उपवासाची भगर (वरीचे तांदूळ)’. ‘श्रीअन्न’ खाली, दुसऱ्या ओळीत गेले. पुढल्या एकादशीच्या आधी चार मागण्या आल्या. चारच, पण त्यांतील एकही गिऱ्हाईक त्या गावचे नव्हते.