ग्राइंडरचें झांकण काढूं नये

आतां पुष्कळ शेतकऱ्यांच्या पडवींत विजेचा हात-ग्राइंडर आला आहे. लोखंडी पट्टी कापणें, नांगराचा फाळ घासणें, विळे-खुरपीं पाजविणें हीं कामें त्यामुळें घरच्या घरीं होतात व लोहाराकडील खेप वांचते. हें इष्टच होय. परंतु या यंत्राचें पत्र्याचें झांकण काढून टाकण्याची जी चाल पडली आहे, ती आमच्या मतें घातक असून ती बंद झालीच पाहिजे.

चार इंची चकती मिनिटास सुमारें ११,००० फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशीं २०० किलोमीटरांच्या घरांत जातो. अशी चकती फुटली असतां तुकडा चुकविण्यास माणसास अवधिच मिळत नाहीं. मध्यें असतें तें केवळ झांकण. तें काढण्याचें कारण बहुधा एकच, मोठी चकती बसविणें. परंतु प्रत्येक चकतीवर तिला सोसणारे कमाल फेरे छापलेले असतात, आणि मोठ्या चकतीस ते कमी सोसतात. लांकूड कापण्याची दातेरी चकती तर त्याहून वाईट. ती अडकतांच यंत्र हातांतून उसळतें.

झांकणामुळें काम दिसत नाहीं, असा आक्षेप कोणी घेतील. त्यांत तथ्य थोडें; कारण झांकण फिरवून सोयीस्कर बसवितां येतें.

याखेरीज डोळ्यांस संरक्षक चष्मा लावावा. उपरणें, पदर व सैल बाह्या आवरून घ्याव्या. चकती बदलण्यापूर्वीं विजेची पिन काढावी. आणि जोडणीस अर्थिंग व गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलिअँपिअरचें उपकरण असावें.

महसूल खात्यांत असतां आम्हीं नुकसानीचे पंचनामे पुष्कळ पाहिले. बुडालेलें पीक पुढील हंगामीं भरून निघण्याची आशा तरी असते. गेलेल्या डोळ्यास पुढील हंगाम नाहीं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत एक डोळा वा एक हात निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात खरे. पण तेवढ्यानें हात परत येत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, सभासदांच्या संस्थांनीं आपल्या भांडारांत चकत्यांशेजारीं चष्मेही ठेवावे, आणि झांकण नसलेलें यंत्र घेऊन येणारास चकती देऊं नये. गिऱ्हाईक रुसेल, तर खुशाल रुसो.