बाई, हे तर आम्हांला येतेच!

इंडोनेशियात भाषेला ‘बहासा’ म्हणतात, शिक्षकाला ‘गुरु’ आणि कॉलेजात जाणाऱ्याला ‘महासिस्वा’. हे ऐकून मराठी माणूस सुखावतो. ही भाषा शिकवायला असे काय कठीण, असे ज्याला वाटेल त्याने तिथल्या एखाद्या मदरशात मागच्या बाकावर बसून पाहावे. मी मध्य जावात बसलो आहे.

तिथली मुले घरी जावानीज बोलतात. सवंगड्यांशी साधी, वडीलधाऱ्यांशी निराळी आदबशीर. मदरशात मान अरबीचा, कारण ती धर्मग्रंथाची. इंडोनेशियन बिचारी मधल्या जावेसारखी! 28 ऑक्टोबर 1928 रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, तरुणांनी जिला एकीची भाषा म्हणून शपथपूर्वक स्वीकारले, ती हीच. 1975 साली तीन मंत्र्यांनी मिळून हुकूम काढला आणि मदरशांत 70 टक्के वेळ सर्वसाधारण विषयांना मिळाला. पण वेळ हुकुमाने मिळतो, मान नव्हे.

आपल्याकडे बी.एड.च्या मुली पाठ घ्यायला येतात ना, तशीच ती विशीतली पोर टाचणवही सावरीत उभी होती. ‘समजले का?’ विचारले, की सारा वर्ग एका सुरात ‘समजले!’ गुरूला उलट विचारणे म्हणजे बेअदबी. शिवाय रोज कानांवर पडणारी भाषा, तिच्यात शिकायचे काय? वह्या तपासल्या म्हणजे खरे काय ते कळायचे.

त्या दिवशी कोशाचा पाठ होता. ‘मेन्यापू’ म्हणजे झाडणे. मुले ‘म’ची पाने चाळून दमली. शब्द मिळेना, कारण तो ‘सापू’, म्हणजे झाडू, या मुळाखाली असतो. ‘मे’ लागला की आरंभीचा ‘स’ विरघळतो. बाईंनी दोनदा नियम सांगितला. शांतता. मग टाचणवही मिटून त्यांनी विचारले, “अरबी कोशात ‘मकतब’ कुठे शोधता?”

“क-त-बखाली!” वर्ग गरजला.

“मग इथेही मूळच शोधा की.”

पाने पुन्हा फडफडली. एक किडकिडीत मुलगा चक्क उठून म्हणाला, “इबू, मग ‘मेमुकुल’ कुठे?” इबू म्हणजे आई, आणि बाईही. उत्तर बाईंच्या आधी मागच्या रांगेतून आले, “‘प’मध्ये! पुकुल!” पुकुल म्हणजे मारणे, हा शब्द मुलांना बरा सापडला!

तास संपला तेव्हा टाचणातला निम्मा पाठ तसाच राहिला होता. निरीक्षकांनी शेरा काय दिला, ते मला दिसले नाही.