कलमांची आई

'कलम' हा अरबी शब्द मराठीत लेखणीला चालतो, कायद्याला चालतो आणि झाडालाही. वर्गात आम्ही पहिल्या दोन अर्थांवर रेंगाळतो. तिसरा अर्थ मागच्या बाकावरची राहाता-संगमनेरकडची मुले आमच्याहून अधिक जाणतात. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल सोलायची, ओले शेवाळ लावून वर प्लास्टिक बांधायचे. मुळ्या दिसल्या की फांदी कापून पिशवीत लावायची. ही डाळिंबाची गुटी.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'भगवा' वाण असाच शिवारोशिवार पसरला. बियांपासून वाण शुद्ध राहत नाही, गुटी मात्र मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असते. आणि प्रतीत मूळचे दुखणेही उतरते. तेल्याचे जिवाणू वरून निरोगी दिसणाऱ्या फांदीतही दबा धरून असतात.

म्हणून मातृवृक्षांची बाग निराळी हवी, तिच्यावर फळांचा बहार धरू नये, तेल्या दिसलेल्या बागेतली एकही फांदी गुटीला घेऊ नये, असे आमचे आग्रहाचे मत आहे. प्रत्यक्षात फळे उतरवून थकलेल्या झाडांवरच पावसाळ्यात गुट्या बांधलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. (झेरॉक्सची झेरॉक्स वाचून परीक्षा देणाऱ्यांना आम्ही तरी कोणत्या तोंडाने बोलावे?)

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरची बाग तिसऱ्याच वर्षी उपटावी लागली. कर्ज राहिले. रोपे घेताना त्याच्या वडिलांनी पाने निरखली, मुळ्या पाहिल्या, भाव पाडून घेतला. आईझाड दाखवा, असे मात्र ते म्हणाले नाहीत, आणि रोपवाटिकेनेही ते दाखवले नाही.