ग्रंथालयातले राखीव टेबल कुणाचे?

सावेडीत नगर-मनमाड रस्त्यावरून पाइपलाइन रोडला किंवा गुलमोहर रोडला वळले की अभ्यासिकांच्या पाट्या दिसू लागतात. आत लाकडी आडोसे घातलेली टेबले, डोक्यावर दिवा आणि महिन्याचे भाडे. जामखेड, पाथर्डी, शेवगाव, कर्जतहून आलेली आमची मुले एका खोलीत तिघे-चौघे राहतात आणि वाचायला बसण्यासाठी वेगळे पैसे मोजतात. याच मुलांपैकी कुणी पीएच.डी.ला नाव नोंदवले की अडचण दुप्पट होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास पिशवीत मावतो. संशोधनाला गॅझेटियर, अहवाल, न्यायालयांची निकालपत्रे, जुन्या वृत्तपत्रांच्या फायली एकाच वेळी समोर लागतात आणि आज उघडलेले पान उद्या सकाळी त्याच जागी सापडावे लागते. भाड्याच्या खुर्चीवर हे कसे व्हावे?

यासाठीच मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत दोन सोयी असतात. एक म्हणजे तीन बाजूंनी आडोसा असलेले, एकाच संशोधकाच्या नावावर काही महिन्यांसाठी दिलेले टेबल. इंग्रजीत त्याला कॅरल म्हणतात. दुसरी म्हणजे राखीव कपाट. संशोधकाने काढलेली पुस्तके त्याच्या नावाची चिठ्ठी लावून तिथेच राहतात. ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि मागणारे अनेक आहेत, तेही राखीव ठेवतात. ते घरी कुणालाच मिळत नाही, पण तिथे बसून प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाचता येते. कल्पना परकी नाही. नालंदाच्या अवशेषांत भिक्खूंच्या एकेकट्या खोल्या आणि भिंतीतले कोनाडे आजही पाहायला मिळतात.

‘राखीव’ हा शब्द कानावर पडताच ज्यांच्या कपाळावर आठ्या चढतात, त्यांना आम्ही विचारतो, की ग्रंथालयातल्या राखीव कपाटाने गुणवत्ता बुडते काय? एकच प्रत असेल आणि ‘जो आधी येईल त्याची’ असा न्याय लावला, तर ज्याचे घर जवळ, ज्याची ओळख मोठी, त्याच्याच घरी ती वर्षभर पडून राहील. म्हणून ग्रंथपाल ती राखीव ठेवतो. आरक्षणाचे तत्त्व याहून वेगळे काय आहे?

जागेचे मोल बाबासाहेबांइतके कुणाला कळले असेल? परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारा संसार. रामजीबाबा पहाटे दोनला उठवत, तेव्हा कुठे अभ्यासाला शांतता मिळे. शाळेनंतर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत आणि तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले. १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत त्यांच्या टेबलावर शिपाई लांबून कागद फेकत. पुढे १९२० नंतर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते दार उघडताना आत जात आणि बंद होताना बाहेर पडत. तिथे प्रत्येक आसनाला क्रमांक होता आणि मागितलेले पुस्तक त्या आसनावर आणून दिले जाई. एकीकडे टेबलावर फेकलेला कागद, दुसरीकडे टेबलावर आणून ठेवलेला ग्रंथ! अशाच बैठकीतून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ बाहेर आला. आणि दादरला ‘राजगृह’ बांधताना त्यांनी पहिला विचार पुस्तकांच्या जागेचा केला.

आता कायद्याचे पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या पीएच.डी. नियमावलीने संशोधन केंद्र चालवणाऱ्या महाविद्यालयावर स्पष्ट अट घातली होती. संशोधनासाठी राखून ठेवलेली ग्रंथसंपदा, ग्रंथालयाची वाढीव वेळ आणि वाचायला, लिहायला, संशोधनाचे साहित्य ठेवायला पुरेशी जागा हवी. २०२२ साली नवी नियमावली आली, तरी संशोधन केंद्राकडे पुरेशा सुविधा असल्याच पाहिजेत हे तत्त्व तिनेही सोडलेले नाही. म्हणजे टेबल आणि कपाट ही कुणाची मेहरबानी नव्हे. पण आमच्या किती विद्यार्थ्यांनी ते लेखी मागितले? प्रवेशासाठी आपण भांडतो, फेलोशिपसाठी २०२३ साली बार्टीचे विद्यार्थी आझाद मैदानात बसले, ते योग्यच होते. पण फेलोशिप हातात आल्यावर बसायचे कुठे, हा प्रश्न मोर्चाच्या मागणीपत्रात आम्हाला क्वचितच दिसला.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी याच शहरात पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. १९३९ ची वतनदारांची परिषद याच जिल्ह्यातल्या हरेगावची. आणि सोनई (२०१३), खर्डा (२०१४) ही नावेही याच जिल्ह्याची. हा इतिहास आणि हे खटले कोण लिहिणार? आमची मुले कागदपत्रे घेऊन वर्षानुवर्षे बसली नाहीत, तर प्रस्थापितांची लेखणी लिहील तेच प्रमाण ठरेल. आज जयकर ग्रंथालयात बसायचे तर सुमारे १२० किलोमीटरवर पुणे गाठावे लागते. जाण्या-येण्याचा खर्च रोज कोणत्या शेतमजुराच्या मुलीला परवडणार?

‘आता सगळे मोबाइलवर मिळते’ असे काहीजण म्हणतात. शोधगंगेवर प्रबंध मिळतात, हे खरे. पण तीन-चार जणांच्या खोलीत, हातातल्या पडद्यावर, रात्री एक वाजता प्रबंध लिहिता येत नाही. शिवाय छापील ग्रंथांचे काय? शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अशा वेळी महाविद्यालयातला एकेक खंड राखीव कपाटात असणे हाच गरिबाच्या मुलाचा आधार.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक संशोधन केंद्राने अशी टेबले किती, कुणाला, किती तारखेपर्यंत दिली, याची यादी फलकावर लावावी. ज्याच्या राहत्या जागी अभ्यासाची सोय नाही, त्याला अग्रक्रम द्यावा. संध्याकाळनंतर ग्रंथालय उघडे ठेवावे, कारण आमचे अनेक संशोधक दिवसा नोकरी करतात. आणि बाबासाहेबांचे खंड, फुले वाङ्मय यांचा एक संच कायम राखीव असावा.

आमच्या मुलांनाही दोन शब्द. टेबलावर पिशवी ठेवून चहाच्या टपरीवर दिवस घालवू नका. ती जागा दुसऱ्या गरजूची आहे. पुस्तक राखीव ठेवलेत तर वाचा, नाहीतर सोडा. आणि वस्तीवस्तीच्या विहार समित्यांनी जयंतीच्या वर्गणीतून एक पोलादी कपाट, चार टेबले आणि दिव्यांचे बिल एवढे तरी बाजूला काढावे. डीजेचा आवाज दुसऱ्या दिवशी उरत नाही, टेबलावर बसून लिहिलेला प्रबंध उरतो.

येत्या सत्रात ज्यांची नोंदणी आहे, त्यांनी ग्रंथपालांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. नाकारले तर कारण लेखी मागावे. ‘शिका’ या आदेशाची सुरुवात बसायच्या जागेपासून होते. जयभीम!