उद्रेकानंतरचे काम

श्रीलंकेत २०२२ साली, बांगलादेशात २०२४ साली आणि नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उद्रेकापुढे सत्ताधाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. या घटनांनी येथील समाजवादी कार्यकर्त्यांच्या आशा पालवल्या असतील, तर ते स्वाभाविकच आहे. तरुणांच्या अंगी सत्ता उलथवण्याचे सामर्थ्य आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही. प्रश्न आहे तो त्यापुढचा. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी या तरुणांनी काय करावयाचे? या प्रश्नाची दोन उत्तरे पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच देशातील दोन राज्यांनी दिलेली आहेत.

डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात भोजनालयाचे दर वाढले आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. महागाईने गांजलेला मध्यमवर्ग व कामगार त्यांच्या पाठीशी उभा राहिला. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये विधानसभाही विसर्जित झाली. नवनिर्माण आंदोलनाचा हा विजय निर्विवाद होता. परंतु धान्याच्या व तेलाच्या बाजारावर पकड कोणाची, हा मूळ प्रश्न लावून धरील अशी संघटना मागे उरली नाही. जून १९७५ च्या निवडणुकीनंतर बाबूभाई पटेल यांचे जनता मोर्चा सरकार सत्तेवर आले, ते चिमणभाईंच्याच नव्या पक्षाचा टेकू घेऊन. आणि १९९० मध्ये खुद्द चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्री झाले. व्यक्ती हटली, व्यवस्था राहिली. यथावकाश व्यक्तीही परतली.

बिहारच्या आंदोलनातील अनेक पुढारीही १९७७ नंतर सत्तेच्या वाटेने गेले. तथापि १ जानेवारी १९७५ रोजी जयप्रकाशांनी स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने निराळा मार्ग पत्करला. तिचे सभासद तिशीच्या आतले, आणि पक्षांपासून अलिप्त राहण्याचे बंधन त्यांनी स्वीकारलेले. १९७८ पासून हे तरुण बोधगयेच्या परिसरातील भूमिहीन मजुरांच्या वस्त्यांत जाऊन राहू लागले. तेथील मठाकडे कमाल जमीनधारणेचा कायदा डावलून राखलेली हजारो एकर जमीन होती. वाहिनीच्या तरुणांनी मजुरांसह कायदा समजून घेतला, सातबाराला समांतर असे तिकडचे दप्तर तपासले, कोणाच्या नावे किती जमीन दडवली आहे ते गावागावांतून मांडले. लाठ्या, तुरुंगवास व गोळीबार सोसून मजुरांनी जमीन मिळवली. एवढेच नव्हे, तर पट्टा कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाच्याच नावे का, असा सवाल स्त्रियांनी सभांतून उभा केला आणि काही गावांत पट्टे आपल्या नावे करून घेतले. हा सवाल जयप्रकाशांच्या कोणत्याही भाषणातून तयार मिळालेला नव्हता. तो लढा व शिक्षण हातात हात घालून चालल्याचे फळ होता.

येथेच नागरिक-शिक्षणाचा खरा अर्थ स्पष्ट होतो. घटनेची कलमे पाठ करून घेणे म्हणजे नागरिक-शिक्षण नव्हे. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत हजेरीपत्रके मोठ्याने वाचून दाखवली. न झालेल्या कामाची मजुरी कोणाच्या नावे उचलली गेली, हे निरक्षर मजुरांनीही ओळखले. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्या चळवळीच्या खांद्यावर उभा आहे.

महाराष्ट्रात मात्र उलटा प्रवास झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुकीच्या जागी गुणवत्तेवर नेमणूक आणली. उमेदवारी, प्रचार, पराभव पचवणे आणि निवडून आलेल्याला जाब विचारणे, या लोकशाहीच्या प्राथमिक सवयींना एक अख्खी पिढी महाविद्यालयात मुकली. ही उणीव भरून काढणे समाजवादी चळवळीचे कर्तव्य होते. अभ्यासवर्गांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या पक्षाने तरी ते कितपत पार पाडले? मोर्चाला तरुण हवेत, झेंडे लावायला हवेत. कार्यकारिणीत मात्र नकोत, ही वृत्ती आपल्याकडे नाही असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

यापुढे प्रत्येक तालुका शाखेने एक प्रश्न निवडावा. तो आश्रमशाळेतील भोजनाचा असेल, रोजगार हमीच्या मजुरीचा असेल किंवा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाचा असेल. त्याची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मिळवावीत, तरुणांसह वाचावीत, ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या सभेत मांडावीत आणि दाद न मिळाल्यास सत्याग्रहास बसावे. नेतृत्व त्याच तरुणांकडे असावे. ज्येष्ठांनी चुका होऊ द्याव्यात व त्यांची चर्चा घडवावी. या कामाला वृत्तपत्रांत मथळे मिळणार नाहीत, निवडणुकीतही त्याचा लगेच लाभ दिसणार नाही. परंतु पुढचा उद्रेक जेव्हा होईल, तेव्हा तो नवनिर्माणाच्या वाटेने जाणार की बोधगयेच्या, याचा निर्णय आजच्या या बैठकांतच होणार आहे.