यंत्राचा आधार कमी करताना

"वहिनी, यांनी आईचं यंत्र कमी करायला घेतलंय. आशा सोडली का हो?" वन्संचा फोन आला तेव्हा मी शाळेला निघाले होते. तशीच इस्पितळात धावले. सासूबाई न्यूमोनियाने चार दिवस व्हेंटिलेटरवर होत्या.

आशा सोडली नव्हती, उलटच होते. डॉक्टरीणबाईंनी जे समजावले ते तुमच्याही कानावर घालते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये पडद्यासारखा एक स्नायू असतो. श्वास ओढायचे मुख्य काम त्याचे. सगळा श्वास यंत्रच देऊ लागले की तो रोडावतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तासांच्या पूर्ण विश्रांतीनंतर त्याचे तंतू निम्म्याहून अधिक रोडावलेले आढळले. बरं, एकदम सगळा भार टाकावा तर तो थकतो. म्हणून त्याचे कष्ट मोजत मोजत आधार काढायचा.

एक हिशेब अगदी सोपा आहे. मिनिटाला श्वास किती, त्याला एका श्वासात हवा किती लिटर, याने भागायचे. २४ श्वास आणि ०.४ लिटर, म्हणजे ६०. आकडा १०५ च्या खाली असला तर लक्षण बरे. ३५ श्वास आणि ०.२५ लिटर, म्हणजे १४०. ही नुसती धाप झाली. (दशांशांचा भागाकार शिकवायला मला छान उदाहरण मिळाले!) शिवाय श्वास सुरू होताच यंत्र सेकंदाचा दहावा भाग हवा अडवते आणि माणसाची ओढ किती जोराची आहे ते मोजते. ओढ फार असली तर स्नायूवर ताण, अगदीच नसली तर सगळे काम यंत्रच करतेय.

मग आधार अगदी कमी करून अर्धा ते दोन तास परीक्षा. सासूबाईंना पहिल्या दिवशी वीस मिनिटांतच घाम फुटला, मानेच्या शिरा ताणल्या. लगेच आधार पूर्ववत केला. वन्सं रडायलाच लागल्या. पण एकदा जमले नाही म्हणजे संपले असे नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतात. तिसऱ्या दिवशी नळी निघाली.

परीक्षेच्या वेळी खाटेभोवती गर्दी करू नका, रडू तर मुळीच नका. एकीने हात धरून बसावे. "आज किती वेळ स्वतःचा श्वास घेतला?" हे डॉक्टरांना रोज विचारावे. आणि नळी निघाली की मायेने लगेच पाणी पाजायला जाऊ नका हं! गिळण्याची ताकद परत आली आहे का हे डॉक्टर पाहतात, तोवर ओठ ओले करण्याआधीही विचारून घ्यावे.