नव्या प्रेक्षकाची सबब : ‘पाठलाग’च्या पुनर्निर्मितीचा प्रश्न

जुन्या रहस्यप्रधान प्रेमकथापटाची पुनर्निर्मिती करावयाची म्हटली, की एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो : प्रेक्षक बदलला, तेव्हा कथानक बदलणे क्रमप्राप्तच. राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (1964) या चित्रपटाबाबत हा युक्तिवाद अधिकच सोयीचा ठरतो. पत्नीला अग्नी देऊन परतलेल्या पतीसमोर तिच्यासारखीच दिसणारी आरोपी स्त्री न्यायालयात उभी राहते आणि ‘मीच तुमची पत्नी’ असे सांगते. आज एका जनुकीय चाचणीने हे प्रकरण मिटले असते. मग रहस्य उरलेच कोठे, असे विचारले जाते.

हा आक्षेप मुळातच चुकीचा आहे. कथेचा उलगडा जुळ्या बहिणीत आहे आणि एकबीज जुळ्यांत नेहमीची जनुकीय चाचणी भेद करू शकत नाही. बोटांचे ठसे तो करू शकतात. परंतु ठशांचे शास्त्र 1964 साली नवे नव्हते. कलकत्त्यात त्याचे कार्यालय 1897 सालीच सुरू झाले होते. तात्पर्य, ही कथा तंत्रज्ञानाच्या अभावावर कधीच उभी नव्हती. ती उभी आहे एका नकारावर. वकील असलेला पती समोरच्या स्त्रीला ओळखत नाही, आणि दोघांच्या सहजीवनातील खाजगी स्मृती भर न्यायालयात पुरावा म्हणून मांडण्याची पाळी तिच्यावर येते.

या आशयसूत्राची परंपरा आपल्याला अपरिचित नाही. महाभारतातील दुष्यंताला सारे आठवते, तरीही तो भर सभेत शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने याच कथेची पुनर्निर्मिती करताना दुर्वासाचा शाप आणि अंगठी यांची योजना केली. नाटकाला त्यामुळे अपूर्व कारुण्य लाभले, हे निर्विवाद. परंतु त्याच योजनेने राजा दोषमुक्त झाला, हेही तितकेच खरे. कोणत्याही पुनर्निर्मितीला विचारावयाचा पहिला प्रश्न येथेच सापडतो : या बदलाने निर्दोष कोण ठरते?

‘पाठलाग’मधील जुळी बहीण म्हणजे विसाव्या शतकातील दुर्वासाचा शापच होय. मेली ती बहीण, आणि जिला नाकारले तीच खरी पत्नी, असे कळताच पतीचा अपराध साम्याच्या माथी जातो. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून हा चित्रपट झाला. पुढे तमिळमध्ये ‘इदय कमलम’ (1965) आणि हिंदीत राज खोसला यांचा ‘मेरा साया’ (1966) निघाला. हिंदीत नायक ठाकूर झाला, पार्श्वभूमीला उदयपूर आले, पडद्यावर रंग आले. पतीची दोषमुक्ती मात्र अबाधित राहिली. 2023 साली एका हिंदी चित्रपटाने ‘मेरा साया’तील झुमक्याचे गाणे नव्या साजात उचलले. नव्या प्रेक्षकासाठी वेचून घेतला तो झुमका. आरोपीचा पिंजरा मागेच राहिला.

वस्तुतः तो पिंजराच आजचा आहे. हे धाराशिवसारख्या जिल्ह्यात राहून वेगळे सांगावे लागत नाही. 2023 साली या जिल्ह्याचे नाव बदलले. म्हणून हा तोच जिल्हा कशावरून, असे कोणी विचारले नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीला मात्र शाळेच्या दाखल्यावरील मुलगी आणि शिधापत्रिकेवरील सून एकच, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागते. तिची ओळख पटवणारा साक्षीदार बहुधा पतीच असतो. त्याने पाठ फिरवली, तर ती कोण, या प्रश्नाला कागद उत्तर देत नाहीत.

‘पाठलाग’ पुन्हा करू नये, असे माझे म्हणणे नाही. तो अवश्य करावा. परंतु नायकाच्या हाती भ्रमणध्वनी दिल्याने कथा आधुनिक होत नाही. सत्य कळल्यावर पती तिला स्वीकारतो आणि पडदा पडतो. त्यानंतरचा प्रश्न कोणत्याच आवृत्तीने विचारलेला नाही : ती त्याला स्वीकारते काय? जी पुनर्निर्मिती हा प्रश्न विचारू धजत नाही, तिने नव्या प्रेक्षकाची सबब सांगू नये.